खाडीपलीकडची पाहुणी

वन्सं,

तुमच्या पिंडाला कावळा शिवेना. हसू येतंय ना? सासूबाई गेल्या तेव्हाही असंच झालं होतं, आणि तुम्ही भटजींच्या तोंडावर म्हणाला होतात, "भूक लागली की येईल तो. गेलेल्याची इच्छा कळायला कावळा काय प्रोफेसर आहे?" प्रोफेसर तुम्ही होतात. दहाव्याला तुमच्याच वेळी सगळे पावसात छत्र्या धरून उभे, आणि कावळा समोरच्या माडावर बसून पंख पिंजत होता. विनू हात जोडून एकेक कबूल करत होता. आत्या, तुझी पुस्तकं कॉलेजला देईन. आत्या, आईला अंतर देणार नाही. माझा मुलगा सलग एवढं बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. कावळा ढिम्म.

बायका तिथे जात नाहीत आपल्याकडे, पण या वयात मला अडवणार कोण? मागे उभी होते. पाय भरून आले, म्हणून हळूच पुटपुटले, "वन्सं, तुमची पाहुणी तिच्या घरी सोडून येते. आता पुरे करा." आणि कावळा उतरला. विनूने सुस्कारा टाकला. त्याला वाटलं पुस्तकांमुळे.

भूकच लागली असणार कावळ्याला, मला कळतं. तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढल्यावर एवढं शास्त्र मलाही येतं. पण बोलून बसले ना. आणि आता जे होऊन बसलंय ते तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं?

मी या घरात आले ती हर्णेची म्हणून मिरवत आले. बंदरावरची मुलगी, संध्याकाळच्या लिलावात आईचा पदर धरून वाढलेली. खेकड्यातलं मला कोण काय शिकवणार? नाकात नथ आणि डोक्यात हवा, असं ते ध्यान होतं. पहिल्याच पावसाळ्यात न्हाणीघरात दोन बादल्या दिसल्या. एकीत आपल्या सड्यावरचे, गावामागच्या उघड्या कातळमाळावरचे मुठे, नारिंगी पायांचे. दुसरीत खाडीपलीकडच्या सड्यावरचे, जांभळट. एवढे एवढेसे. आमच्याकडे असले खेकडे मांजरापुढे टाकायलाही लाज वाटते. मला वाटलं, नणंदबाईंनी नव्या वहिनीची परीक्षा घ्यायला आणून ठेवलेत. दोन्ही बादल्या एका पातेल्यात रिकाम्या केल्या. लसूण, मिरची, ओल्या खोबऱ्याचं वाटण, वर कोकम. घर घमघमलं.

तुम्ही कॉलेजातून आलात, न्हाणीघरात गेलात, आणि बाहेर येऊन पंगतीला बसलात. ओरडला असतात तर बरं होतं. तुम्ही एकेकाच्या ताटात वाकून खेकड्यांची पोटं बघत होतात. "थांब दादा, तो चोखू नकोस," असं म्हणत तुम्ही माझ्या नवऱ्याच्या हातातला नर काढून घेतलात. पण शिजल्यावर सगळे एकाच रंगाचे. कोणता अलीकडचा, कोणता पलीकडचा, काही कळेना. मी तोंड वर करून म्हटलं, "चव तर एकच आहे. म्हणजे एकच जात." तुम्ही बोटं चाटलीत आणि म्हणालात, "दोन्हीकडचे खाऊन बघितलेली जगात तू एकटीच बाई आहेस, वहिनी. तुझं मत विचारात घ्यावं लागेल."

तिथून आपला वाद सुरू झाला. एक की दोन? तो मिटायच्या आत तुम्ही उठून गेलात.

तुम्ही समजावायचात, मी तांदूळ निवडत ऐकायचे. समुद्रातल्या चिंबोरीची अंडी फुटली की पिल्लं पाण्यावर सुटतात, डोळ्यांना दिसायची नाहीत एवढी बारीक. ओढ नेईल तिकडे जातात. म्हणून हर्णेची चिंबोरी आणि मालवणची चिंबोरी एकच. सड्यावरच्या मुठ्याचं तसं नाही. त्याची मादी अंडी पोटाखालच्या झाकणात बाळगते. पिल्लं बाहेर येतात तीच पुरते खेकडे होऊन, आणि तरीही काही दिवस तिलाच चिकटून असतात. मग उतरतात ती आईच्या बिळाशेजारीच. पिढ्यान्‌पिढ्या एका झऱ्याकाठी. मी म्हटलं होतं, माझी पोरं चिंबोरीची होणार, मुंबईला वाहत जाणार. तसंच झालं.

कधी काळी हा सडा एकच होता, असं तुम्ही म्हणायचात. पाण्याने तो चिरत नेला, मग समुद्र आत शिरला, खाडी झाली. खारं पाणी ओलांडणं मुठ्याच्या नशिबात नाही. इकडचे इकडे राहिले, तिकडचे तिकडे. इकडे कुणाच्यात काही बारीकसं बदललं तर ते तिकडे पोचेना, तिकडचं इकडे येईना. असं लाखो वर्षं साचत गेलं.

"भांडण नाही, तंटा नाही," तुम्ही म्हणायचात. "भेट थांबली, एवढंच. आता समोरासमोर आले तरी एकमेकांना ओळखणार नाहीत."

"कशावरून? भेटवलंत कधी?"

"बादलीत कोंडून घातल्यावर जे होतं त्याला पुरावा म्हणत नाहीत, वहिनी."

"आमचं लग्न तसंच झालं. चाललं की."

तुम्ही खूप हसायचात यावर. पण कधी भेटवलं नाहीत ते नाहीतच. एका सड्याचं जनावर दुसऱ्या सड्यावर सोडायचं नाही, हा तुमचा नियम. बघून झालं की मुठे ज्या झऱ्याचे त्याच झऱ्याला परत. मांडीवर बादली घेऊन एसटीने जायचात, आणि कंडक्टर दर वेळी विचारायचा, बाई, विकायला का? बादल्यासुद्धा वेगळ्या ठेवायचात, एकीचं पाणी दुसरीत नाही. माझ्या सोवळ्यातल्या सासूबाईसुद्धा चकित व्हायच्या.

आणि तुमच्या लग्नाचं आठवतंय? वहिनीचं कर्तव्य म्हणून मी विडा उचलला होता. अक्कल इंचभर आणि पदर नऊवारी. बिनलग्नाची नणंद घरात म्हणजे माझ्या संसारालाच बट्टा, असं काहीसं डोक्यात होतं. बँकेतला मुलगा, मुंबईला स्वतःची खोली. त्याच्या आईने पोहे खाता खाता सहज विचारलं, खेकड्यांत एवढं शिकण्यासारखं काय असतं हो? तुम्ही किती प्रेमाने सांगितलंत. वरच्या कवचावर जाऊ नये, ते फसवतं. नर उलटा करावा, पोटाचं झाकण उचलावं, आत दोन काड्यांसारखा अवयव असतो. प्रत्येक प्रजातीत त्याची ठेवण निराळी, कुठे आकडा, कुठे पीळ. कुलपाला किल्ली तशी. ज्याची त्यालाच लागते. म्हणून खात्री करायची ती नराकडूनच. त्या माउलीने पोह्यांची बशी खाली ठेवली आणि लेकाकडे बघितलं. लेक लाल झाला होता. पाहुणे संध्याकाळच्या एसटीने जाणार होते ते दुपारच्याच गाठून गेले. मी चुलीपुढे बसून रडले. आता ते आठवलं की माझं मलाच हसू येतं, आणि हसायला शेजारी तुम्ही नाही.

मी तेव्हापासून तुम्हाला टोचत आले, काय तुमचं शास्त्र, सगळी ओळख पुरुषाच्या त्या एका अवयवावर. बायकांना विचारायलाच नको. मग तुम्ही मला संध्याकाळी सड्यावरच्या डबक्याशी नेलंत. बेडूक ओरडत होते. दिसायला सारखे, एकाच डबक्यात, पण एकाचा आवाज करकरीत, दुसऱ्याचा टकटक. माद्या पाण्यातून सरळ आपापल्याकडे जातात, क्वचितच चुकतात, असं तुम्ही सांगितलंत. इथे मधे खाडीबिडी काही नाही, कानच वेगळं ठेवतो. म्हटलं, चला, बेडकांत तरी बायकांना विचारतात. आपलं दोघींचंही तसंच होतं म्हणा. एका घरात जन्म गेला. तुमचा चहा कोरा, बिनसाखरेचा, माझा बासुंदीसारखा. तुमचा देवावर विश्वास नाही, माझा उपासाच्या खिचडीवर फार. कुणी कुणाला लागलं नाही.

काल सकाळी चहात साखर घालायला विसरले. लक्षात आलं तेव्हा कप रिकामा झाला होता.

आता यंदाचं. आषाढात तुम्ही गुडघ्याला पट्टा बांधून एकट्याच सदूच्या रिक्षाने बाहेर पडलात. मला सांगितलंत बँकेत जाते. परत आलात त्या नखशिखांत भिजून, हातात दुधाची किटली. किटलीत एकच खेकडी, जांभळट. विनूच्या लहानपणीचा हिरवा टब विहिरीच्या कठड्याला लावून ठेवलात, आत कौलाचा तुकडा टाकलात, तिला सोडलंत. म्हणालात, "पाहुणी आहे. चार दिवस राहील. पाणी विहिरीचं घाल, नळाचं नको. आणि उचलू नकोस तिला."

मला तर सणच मिळाला. म्हटलं, नियम मोडलात. खाडीपलीकडचं जनावर अलीकडे मुक्कामाला ठेवलंत. तुम्ही टॉवेल ओढून घेतलात. म्हटलं, आणायचा तर पुरता वाढलेला नर आणायचा, आजवर पलीकडचे मिळाले ते सगळे कोवळेच, हिच्यावरून काय ठरणार? तुम्ही म्हणालात, "मिळाला नाही." मी म्हटलं, म्हणजे मी जिंकले. तुम्ही केस पुसत होतात. टॉवेलाआड हसलात असं मला वाटलं. आता वाटतं, ते हसणं नसावं.

मी तेव्हा गप्प बसले असते तर तुम्ही सांगितलं असतंत का? दोन दिवस, चार दिवस मी तेच धरून चिडवत राहिले. आणि मग एका सकाळी पाहुणी राहिली आणि तुम्हीच गेलात.

तेरावं झालं, विनू गाडीने मुंबईला गेला, आणि मी सदूला बोलावलं. टबाशी बसून पळीने ढकलत ढकलत तिला किटलीत घेतलं. उचलायची माझी हिंमत नाही आणि तुमची परवानगीही नाही. सदूने आत डोकावून विचारलं, "आजी, कालवणाला एवढाच?" म्हटलं, पाहुणी आहे. तो गंभीर झाला. "बाय पन असंच बोलल्या व्हत्या," म्हणाला. पूल ओलांडला. मला वाट आठवत नव्हती, खूप वर्षांत गेले नव्हते. पण सदूने न विचारता रिक्षा नेमकी जागी नेऊन उभी केली.

वन्सं, तिथे सडा नाही.

चिरेखाण आहे. जमीन चौकोन चौकोन कापून उचलून नेलेली, सरळ तासलेल्या भिंती, खाली हिरवं खोल पाणी साठलेलं. पावसाळा म्हणून काम बंद, यंत्र निळ्या ताडपत्रीत गुंडाळून ठेवलंय. जिथे आपण भाकरी-चटणी खायला बसायचो तिथे आता हवा आहे. आणि तुमचा झरा उतारावर होता ना, करवंदीच्या जाळीखाली? खाणीतला सगळा चुरा आणि मोडके चिरे त्या उतारावर लोटून दिलेत. जाळी नाही, झरा नाही, बीळ नाही.

मी किटली हातात धरून उभी. सदू म्हणाला, "बाय त्या दिवशी हितंच बसल्या व्हत्या. मी म्हनलं, भिजताव कशाला? मंग त्या ढिगात हात घालून शोधीत ऱ्हायल्या. लय वेळ. ही येकच गावली."

तेव्हा मला कळलं, नर मिळाला नाही म्हणजे काय. तुम्ही नियम मोडला नव्हतात. ज्या घरी परत सोडायचं ते घरच उरलं नव्हतं. आणि तुम्ही घरी येऊन माझ्या टोमण्यांपुढे केस पुसत उभ्या राहिलात. मला का नाही सांगितलंत? मी चेष्टा केली असती म्हणून? नसती केली हो. इतकं कळतं मला. की मला सांगितलं तर ते खरं होईल असं वाटलं तुम्हाला?

राग तरी कुणावर काढायचा? तुम्हीच एकदा आपल्या ओटीवर बसून भिंतीवर हात फिरवत म्हणाला होतात, हा चिरासुद्धा कुणाच्या तरी सड्याचा. त्यांचं घर कापून आपण घरात बसलोय. मी तेव्हा म्हटलं होतं, मग काय पावसात बसू?

सदू बिचारा मदत करायला बघत होता. म्हणाला, या पाण्यात सोडा की. मी वाकून पाहिलं. तासलेली भिंत, कुठे एक फट नाही. खेकडी त्या भिंतीला नखं लावून किती दिवस तरंगणार? मग म्हणाला, "तुमच्या सड्यावं सोडा. थितं बी खेकडंच हायत."

किती सोपं वाटलं ऐकायला. किटली घेऊन रिक्षात बसले आणि वाटभर तोच विचार केला. समजा मी बरोबर आहे, दोन्ही एकच. मग ही आपल्या सड्यावर सुखाने नांदेल, आणि दोन-चार पिढ्यांत खाडीपलीकडचं म्हणून काही ओळखू येणार नाही. समजा तुम्ही बरोबर आहात, दोन वेगळ्या. मग तिथे शेकडो मुठे असतील आणि हिला ओळखणारा एकही नसेल. मी जिंकले तर ती मिसळून संपणार, तुम्ही जिंकलात तर एकटी राहून संपणार. आयुष्यभर मला हा वाद जिंकायचा होता. आता कोण जिंकायला हवं तेच सांगता येईना.

तुम्ही असतात तर काय केलं असतंत? तुम्हालाही सुचलं नव्हतं. म्हणून तर टब काढलात. चार दिवस म्हणालात, पण ते चार दिवस संपल्यावर काय, ते तुमच्याकडेही नव्हतं. हे मला त्या पुलावर कळलं, आणि मग मी रडले. सदूने आरसा दुसरीकडे फिरवला.

निघताना मी सदूकडून त्या ढिगातला एक मोडका चिरा उचलून घेतला होता, भोकाभोकांचा, कडेला थोडं शेवाळ राहिलेला. त्याने तो पायाशी ठेवला. रिकाम्या हाताने परत यायला नको म्हणून असेल.

घरी आल्यावर किटली टबात उपडी केली. ती उतरली, कौलाखाली गेली. किटली विसळायला घेतली तर तळाशी कण्या. तांदळाच्या कण्या कुठून आल्या म्हणून चष्मा लावून बघितलं, तर कण्या चालत होत्या. प्रत्येकीला पाय, प्रत्येकीला दोन नांग्या, आणि एकीने माझ्याकडे बघून त्या उगारल्यासुद्धा. मी तिथेच विहिरीच्या कठड्यावर बसले. कितीतरी वेळाने ती कौलाखालून बाहेर आली तेव्हा दिसलं, पोटाखालचं झाकण गच्च भरलेलं, आणि कडेने बारीक पाय बाहेर आलेले.

उचलू नकोस तिला, म्हणाला होतात. म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला. की अंडी बघून फक्त आशा केली होतीत?

या कण्यांत नर असणार. दोन-तीन पावसाळ्यांनी ते मोठे होतील, आणि तुमच्यासारखं कुणी शिकलेलं माणूस झाकण उचलून बघेल, आकडा आहे की पीळ आहे, आणि सांगेल, एक की दोन. वादाचं उत्तर विहिरीपाशी टबात हिंडतंय. ते ऐकायला तुम्ही नाही, आणि मीही असेन असं वाटत नाही. विनूला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, आई, काही करू नको, मी दिवाळीत येतो. येऊन काय करणार तो? त्याच्याकडे बाल्कनी आहे.

आणि उत्तर मिळालं तरी यांना सोडायचं कुठे, ते त्यात नाही.

म्हणून सध्या एवढंच केलंय. तो मोडका चिरा धुऊन टबाच्या मधोमध ठेवला. दुपारी ऊन पडलं की पिल्लं आईच्या पोटाखालून उतरतात, शेवाळाला नांग्या लावत वर चढतात आणि त्याच्या भोकांत जाऊन बसतात. प्रत्येकाचं आपलं भोक. मी चाहूल दिली की पुन्हा धावत आईपाशी. माझ्या दोन्ही हातांत मावेल एवढा आहे तो चिरा. खाडीपलीकडचा सडा आता तेवढाच.

कबूल केलेलं झालं नाही, वन्सं. कावळ्याला फसवलं म्हणा. पाणी रोज बदलते, विहिरीचंच. उचलत नाही तिला.